गाडीची मागची काच फुटली तर? आधी फोटो, मग फोन, मग काच



शिलाई मशीन, पिठाची गिरणी, शेळ्या यांच्या जोडीला आता अनेक गटांच्या आणि ग्रामसंघांच्या दारात गाडीही उभी असते. कुणी २०१७ साली सुरू झालेल्या आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेतून घेतली, कुणी बँकेचं कर्ज काढून, कुणी गटाच्या बचतीतून. कुठं ती बाजाराला माल नेते, कुठं प्रवासी नेते, तर कुठं शाळेतल्या आहाराचा शिधा पोचवते.

गाडी म्हणजे दारातली दुभती म्हैस. ती एक दिवस आटली तरी घर हलतं. हप्ता काही थांबत नाही. म्हणून गाडीचं लहानमोठं दुखणं आपल्याला कळायला हवं. इंजिनाचं काम मेकॅनिकचं, पण निर्णय आपला. "ते गाडीचं आहे, घरातले पुरुष बघतील" असं म्हणून आपण बाजूला झालो, तर गाडी नावालाच आपली राहते.

या महिन्याचा पाठ आहे मागच्या काचेचा. मागची काच फुटली की गाडी तालुक्याला न्यायलाच पाहिजे असं नाही. हल्ली काच बसवणारे कारागीर सामान घेऊन गावात, दारात येतात. त्यांचं काम दोन-तीन तासांचं असतं. पण गटाचे पैसे वाचणार की जाणार, हे कारागीर येण्याआधी आपण काय केलं त्यावर ठरतं. तेच आज नीट समजून घेऊ.

मागची काच पुढच्या काचेसारखी नसते

पुढची काच दोन पातळ काचांची असते आणि मधे प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा चिकटवलेला असतो. दगड लागला तरी ती तडकते, पण जागेवर राहते. तिला लॅमिनेटेड काच म्हणतात. छोटा टिचका उडाला असेल, तर त्यात खास द्रव भरून कधी कधी दुरुस्तीही होते.

मागची आणि बाजूची काच बहुतेक गाड्यांत एकेरी असते. तिला टफन काच म्हणतात. ती भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवतात आणि हवेच्या झोतानं एकदम थंड करतात. त्यामुळं वरचा थर आवळला जातो आणि आतल्या भागात ताण राहतो. म्हणून ती साध्या काचेपेक्षा बरीच मजबूत असते. पण एकदा का तो ताण सुटला, की सगळी काच एका क्षणात बारीक खड्यांसारखी होऊन कोसळते. खडे बोथट असतात, म्हणून मोठी इजा टळते.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी कळतात.

पहिली, मागची टफन काच फुटली की दुरुस्ती नाही, बदलणंच आहे. "चिकटवून देतो" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

दुसरी, अशी काच तयार झाल्यावर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. कापायला गेलं की फुटते. म्हणजे आपल्या गाडीच्या मापाचीच तयार काच मागवावी लागते. म्हणून कारागीर फोनवर गाडीचं मॉडेल, साल, काचेवर तारा आहेत का, वायपर आहे का, असं विचारतो. ही माहिती चुकली तर तो चुकीची काच घेऊन येईल आणि आपला एक दिवस वाया जाईल.

मागची काच फुटते तरी कशानं? पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेला दगड हे एक कारण. आपल्याकडं दुसरं कारण जास्त दिसतं. माल जास्त भरलेला असतो, पोत्याचं किंवा क्रेटचं टोक काचेला टेकलेलं असतं आणि वरून दरवाजा जोरात आपटला जातो. काचेच्या कडेला आधीच टिचका असेल, तर भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यानंही ती फुटू शकते. म्हणून माल भरताना काच आणि माल यात चार बोटं अंतर ठेवा आणि दरवाजा हातानं धरून लावा. इतकं केलं तरी बरंच नुकसान टळतं.

पहिला तास: काय करायचं

काच फुटली की पहिल्यांदा सगळे खराटा शोधतात. थांबा. आधी पुढची कामं या क्रमानं करा.

१. गाडी बाजूला सुरक्षित उभी करा. कुणाला लागलं आहे का ते पाहा. लहान मुलांना आणि अनवाणी माणसांना लांब ठेवा.

२. काहीही न हलवता फोटो काढा. एक फोटो पूर्ण गाडीचा, नंबर पाटी दिसेल असा. एक फुटलेल्या काचेचा जवळून. एक आत पडलेल्या तुकड्यांचा. दगड सापडला तर त्याचाही. एक छोटा व्हिडिओ घ्या. तारीख, वेळ आणि ठिकाण वहीत लिहून ठेवा.

३. कुणी मुद्दाम फोडल्याचा किंवा चोरीचा संशय असेल, किंवा दुसऱ्या गाडीनं धडक दिली असेल, तर पोलिस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या.

४. गाडीत खाण्याचा माल असेल तर तो तपासा. हे आपल्या गटांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. काचेचे बारीक कण फार लांब उडतात. उघड्या टोपलीतली भाजी, सुटं धान्य, उघडे पापड, चटणी, पीठ असा माल विकू नका आणि घरी वाटूही नका. भाजी धुतली तरी पानांच्या आत कण राहतात. सीलबंद पाकिटं बाहेरून झटकून, ओल्या फडक्यानं पुसून, एकेक तपासून घ्या. पाकिटाला चीर दिसली तर ते बाजूला काढा. दोन-तीन हजारांचा माल गेला तरी चालेल, पण एका पापडात काच निघाली तर गटाचं नाव परत मिळत नाही.

५. तुकडे हातानं गोळा करू नका. जाड हातमोजे, खराटा, सुपली घ्या. उरलेले कण व्हॅक्युमनं किंवा ओल्या फडक्यानं काढा. ते फडकं परत वापरू नका. तुकडे जाड पोत्यात बांधून वेगळे ठेवा. उकिरड्यावर टाकले तर गुरांच्या खुरात जातात.

६. मोकळ्या जागेवर जाड प्लॅस्टिक ताणून बाहेरून चिकटपट्टीनं लावा. चिकटपट्टी शक्यतो रंगावर लावू नका, रंग निघतो.

काच नसताना गाडी चालवू नका, हे उत्तम. नाइलाजानं थोडं अंतर न्यायची वेळ आली, तर एक धोका लक्षात ठेवा. गाडी पळते तेव्हा मागं हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर उघड्या मागच्या बाजूनं आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, पण त्यानं डोकं जड होतं, चक्कर येते, जिवालाही धोका होतो. म्हणून पुढच्या खिडक्या पूर्ण उघड्या ठेवा, हळू जा, आणि मागं माणसं, विशेषतः लेकरं, बसवू नका.

विम्याचा कागद आधी वाचा

आता कारागिराला फोन लावण्याआधी कपाटातली विम्याची पॉलिसी काढा. त्यात चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट: पॉलिसी कोणती आहे? फक्त थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. ती पॉलिसी आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठी असते. ओन डॅमेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह असं लिहिलं असेल, तरच काच त्यात येते.

दुसरी गोष्ट: गाडीचा वापर कोणता लिहिला आहे? भाड्यानं माल किंवा प्रवासी नेणाऱ्या गाडीला पिवळी पाटी आणि त्या वापराचा विमा लागतो. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीनं भाडं मारलं आणि तेव्हा काच फुटली, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. चालकाचं लायसन्स, गाडीचं फिटनेस, परमिट चालू आहे का, तेही पाहा.

तिसरी गोष्ट: आपल्याला किती भरावं लागेल? प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक रक्कम आपली असते. तिला कंपल्सरी डिडक्टिबल म्हणतात. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला ही रक्कम १,००० रुपये आहे, त्यावरच्या कारला २,०००. व्यावसायिक गाडीसाठी आकडा वेगळा असतो, तो पॉलिसीवर छापलेला असतो. दुसरी वजावट घसाऱ्याची. गाडी जुनी झाली की भागांची किंमत कमी धरतात. पण काचेच्या भागांवर घसारा शून्य आहे. म्हणजे "गाडी सहा वर्षांची आहे, काचेचे निम्मेच मिळतील" असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. मात्र काचेभोवतीच्या रबरावर ५० टक्के घसारा लागतो.

चौथी गोष्ट: नो क्लेम बोनस किती आहे? वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या प्रीमियममध्ये सूट मिळते. सलग एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, दोन वर्षं २५, तीन वर्षं ३५, चार वर्षं ४५ आणि पाच वर्षं ५० टक्के. एकदा क्लेम केला की ही शिडी परत शून्यापासून चढावी लागते. काही पॉलिसींत जास्तीचा प्रीमियम भरून हा बोनस राखता येतो. तसं कलम आहे का, ते विचारा.

क्लेम करायचा की खिशातून भरायचे?

याचं उत्तर अंदाजानं देऊ नका, वहीवर हिशोब मांडा. दोन उदाहरणं घेऊ. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. दोन्हीत ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम दर वर्षी ८,००० रुपये, कंपल्सरी डिडक्टिबल १,००० रुपये, आणि पुढं पाच वर्षं दुसरा क्लेम नाही असं धरू.

उदाहरण पहिलं. काच ४,००० रुपये, रबर ६००, मजुरी ९००. एकूण ५,५०० रुपये. गाडीला दोन वर्षं क्लेम नाही, हे तिसरं वर्ष चालू आहे.
कंपनी देईल: ५,५०० मधून रबराचे निम्मे ३०० वजा, आपले १,००० वजा. हातात ४,२०० रुपये.
बोनस जाईल: क्लेम केला नसता तर पुढच्या पाच वर्षांची सूट ३५, ४५, ५०, ५०, ५० टक्के झाली असती. क्लेम केला तर ०, २०, २५, ३५, ४५ टक्के मिळेल. दर वर्षीचा फरक रुपयांत: २,८००, २,०००, २,०००, १,२००, ४००. एकूण ८,४०० रुपये.
म्हणजे ४,२०० मिळवायला ८,४०० घालवले. दुसऱ्याच वर्षी आपण तोट्यात जातो. इथं खिशातून भरणं बरं.

उदाहरण दुसरं. गाडी नवी, विम्याचं पहिलंच वर्ष. काच तारांची आणि चिकटवून बसवायची, एकूण खर्च १४,००० रुपये.
बोनस जाईल: क्लेम केला नसता तर २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. दर वर्षीचा फरक: १,६००, ४००, ८००, ८००, ४००. एकूण ४,००० रुपये.
कंपनीकडून १,००० आणि किरकोळ वजावट जाऊन बारा-तेरा हजार मिळतात. इथं क्लेम करणं फायद्याचं.

वय वाढेल तशी गाडीची किंमत घटते आणि मूळ प्रीमियमही बदलतो, त्यामुळं आकडे थोडे इकडं तिकडं होतील. पण पद्धत हीच. कागदावर दोन रकाने पाडा: काय मिळेल, काय जाईल.

क्लेम करायचं ठरलं, तर काचेला हात लावण्याआधी विमा कंपनीच्या पॉलिसीवरच्या नंबरवर कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. कंपनी माणूस पाठवेल किंवा फोनवर फोटो-व्हिडिओ मागेल. तपासणीआधी काच बदलून टाकली तर क्लेम अडकतो. कारागीर त्यांच्या यादीतला पाहिजे का, पैसे थेट दुकानाला जातील की आधी आपण भरून मग परत मिळतील, हेही विचारा. आरसी, लायसन्स, पॉलिसी, खर्चाचा अंदाज, पक्कं बिल आणि पावती, एवढे कागद एका पिशवीत ठेवा.

कारागिराला फोन: काय विचारायचं

नंबर कुठून घ्यायचा? तालुक्याच्या काचेच्या दुकानातून, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून किंवा गाडीच्या शोरूममधून. इंटरनेटवर दिसलेला पहिला नंबर खरा असेलच असं नाही. किमान दोन ठिकाणी भाव विचारा. फोन साधारण असा व्हावा:

सचिव ताई: नमस्कार दादा, आमच्या गटाच्या गाडीची मागची काच फुटलीय. गावात येऊन बसवून द्याल का?

कारागीर: देतो की ताई. गाडी कोणती, कोणत्या सालची?

सचिव ताई: आरसी हातात आहे, मॉडेल आणि साल फोटोसकट पाठवते. काचेवर आडव्या बारीक तारा होत्या. वायपर नाही. काच रबरात बसवलेली होती.

कारागीर: मग काच आणि रबर दोन्ही लागेल. साडेपाच हजार होतील.

सचिव ताई: त्यात काय काय आलं दादा? काच, रबर, मजुरी, येण्या-जाण्याचं भाडं, जीएसटी, सगळं धरून का?

कारागीर: भाडं वेगळं ताई, तुमचं गाव लांब आहे.

सचिव ताई: मग सगळं धरून आकडा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. काच कोणत्या कंपनीची, तिच्यावर आयएसआय मार्क आहे का आणि पाणी गळालं तर किती महिने फुकट बघून द्याल, तेही लिहा. गटात दाखवून तुम्हाला कळवते.

कारागीर: ॲडव्हान्स लागेल ताई, काच मागवायची आहे.

सचिव ताई: देऊ की, पण दुकानाच्या खात्यावर देऊ. पावती लगेच पाठवा. बाकीचे काम तपासल्यावर.

बघा, यात भांडण नाही, घासाघीस नाही. फक्त विचारलं आणि लिहून मागितलं. लिहून आलेला आकडा शक्यतो बदलत नाही. बोललेला आकडा बदलतो.

पैशाच्या बाबतीत तीन गोष्टी पाठ करा. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायचा नसतो आणि यूपीआयचा पिनही टाकायचा नसतो. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

कारागीर आल्यावर

गटाच्या किमान दोघीजणी हजर राहा. एकटीवर सोपवू नका. गाडी सावलीत, सपाट जागी, वाऱ्या-पावसापासून आडोशाला उभी करा. वीज आणि स्वच्छ पाणी तयार ठेवा.

काच गाडीत बसवण्याआधी कोपऱ्यातला छाप बघा. गाडीच्या सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३ आहे. मार्क नसलेली काच परत करा. कडेला टिचका किंवा ओरखडा असेल तरी परत करा, कारण टफन काच कडेपासूनच फुटते.

पुढं काम दोन प्रकारचं असतं.

रबराची काच: कारागीर जुनं रबर काढतो, चौकट साफ करतो, नवं रबर काचेभोवती चढवतो. रबराच्या खाचेत दोरी बसवतो, साबणाचं पाणी लावतो आणि आतून दोरी ओढत ओढत रबराची कड चौकटीवर चढवतो. ही काच बसवल्यावर लगेच पाणी ओतून गळती तपासता येते.

चिकटवलेली काच: जुना गोंद पातळ थर ठेवून कापतात, चौकटीला आणि काचेला प्रायमर लावतात, मग गोंदाची सलग धार सोडून काच बसवतात आणि पट्टीनं धरून ठेवतात. हा गोंद पॉलियुरेथेनचा असतो. तो हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. घाईनं नुसतं सिलिकॉन लावून मोकळं होणारा कारागीर असेल तर थांबवा. सिलिकॉन त्या जागी टिकत नाही. गाडी किती तासांनी हलवायची हे गोंदाच्या नळीवर लिहिलेलं असतं. कारागिराला ते दाखवायला सांगा आणि तेवढा वेळ भाडं घेऊ नका. पहिले एक-दोन दिवस दरवाजे आपटू नका, एक खिडकी थोडी उघडी ठेवा आणि जोराच्या पाण्यानं गाडी धुऊ नका.

दोन्ही प्रकारांत चौकटीवर गंज दिसला तर तो घासून, रंग लावूनच पुढं जायला सांगा. गंजावर काच बसवली की पहिल्याच पावसात पाणी आत येतं आणि मालाची पोती भिजतात.

पैसे देण्याआधीची तपासणी

ही यादी कापून गाडीत ठेवा.

- काच चारही बाजूंनी सारखी बसली आहे का? रबर कुठं उचललेलं नाही ना?
- मागचा दरवाजा सहज लागतो का, कुलूप लागतं का?
- दरवाजा हलवला की आत खडे वाजतात का? वाजत असतील तर आतलं कव्हर काढून साफ करायला सांगा. खडे पाण्याच्या भोकात अडकले की दरवाजा आतून गंजतो.
- काचेच्या तारा चालतात का? गाडी चालू करून बटण दाबा, थोड्या वेळानं काच हाताला कोमट लागते.
- वायपर आणि वरचा ब्रेकचा दिवा चालतो का?
- सीटच्या फटीत, चटईखाली, सामानाच्या जागेत कण राहिले आहेत का? टॉर्च लावून बघा.
- रबराची काच असेल तर पाणी ओतून आतून कोरडं आहे का ते बघा. चिकटवलेली असेल तर गोंद घट्ट झाल्यावर बघा.

"काळी फिल्म लावून देतो, ऊन लागणार नाही" असं कारागीर सुचवेल. घाईनं हो म्हणू नका. नियमाप्रमाणं पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मवर बंदी घातली. दंड गटालाच बसतो.

तपासून झालं की पक्कं बिल घ्या. त्यावर गाडी नंबर, काचेचं नाव, रबर किंवा गोंद, मजुरी, भाडं वेगवेगळं लिहिलेलं असावं आणि हमीचा कालावधी असावा. बिल गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या नावानं घ्या, चालकाच्या नावानं नको.

गटाच्या वहीत

गाडी गटाची आहे, तर खर्चही गटाच्या नजरेखालून जायला पाहिजे. तातडीचं काम म्हणून अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांनी मिळून निर्णय घेतला तरी चालेल. पण त्यासाठी आधीच ठराव करून ठेवा: इतक्या रुपयांपर्यंतचा गाडीचा खर्च तिघी मिळून करू शकतात, त्यावर बैठक लागेल. दोन्ही दुकानांचे भाव, निवडलेला भाव आणि त्याचं कारण पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहा. व्हाउचरला बिल जोडा, रोकड वहीत नोंद करा.

चालकाकडून भरपाई घ्यायची का, यावरून गटांत वाद होतात. याचाही नियम आधी ठरवा. रस्त्यावरचा दगड उडाला, तर तो कुणाचा दोष नाही. माल कोंबून दरवाजा आपटला, तर ज्यांनी भरला त्यांना विचारता येईल. नियम घटना घडण्याआधी लिहिला तर तो न्याय वाटतो. नंतर केला तर तो राग वाटतो.

आणि एक सवय लावा: दर फेरीला २० रुपये दुरुस्ती निधीत बाजूला टाका. दिवसाला दोन फेऱ्या, महिन्याला २५ दिवस धरले तर महिन्याचे १,००० आणि वर्षाचे १२,००० रुपये जमतात. मग काच फुटली म्हणून कुणापुढं हात पसरावा लागत नाही आणि हप्ताही चुकत नाही.

काम बिघडलं किंवा क्लेम अडला तर

काच गळते, दुकानदार फोन उचलत नाही, बिल देत नाही, अशा वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. व्हॉट्सॲपवरचा भाव आणि पावती तिथं कामाला येते.

विमा कंपनीनं क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं अर्ज करा. समाधान झालं नाही तर विमा नियामकाच्या १५५२५५ या टोल फ्री नंबरवर किंवा विमा भरोसा पोर्टलवर तक्रार करता येते. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालयं मुंबई, पुणे आणि ठाण्यात आहेत. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

पुढच्या बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गाडीची पॉलिसी कोणती? तिची मुदत कधी संपते? पॉलिसी कुठं ठेवली आहे हे किती जणींना माहीत आहे?
२. आपला नो क्लेम बोनस आज किती टक्के आहे? काच ६,००० रुपयांची असेल तर क्लेम करायचा का? फळ्यावर हिशोब मांडा.
३. बैठकीशिवाय किती रुपयांपर्यंत खर्च करायची मुभा कुणाला आहे? ठराव झाला आहे का?
४. दोघीजणी फोनचा सराव करा. एक कारागीर व्हा, एक सचिव. बाकीच्यांनी काय विचारायचं राहिलं ते सांगा.
५. गाडीत जाड हातमोजे, सुपली, जाड प्लॅस्टिक, चिकटपट्टी आणि टॉर्च आहे का? नसेल तर या आठवड्यात कोण आणणार?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर नावासकट इतिवृत्तात लिहा. सामान आणल्यावर त्यापुढं खूण करा.